फोटोवर फोटो कशाला? – बाळाच्या हृदयाची त्रिमितीय तपासणी

कामं आटोपून बसलेल्या, नाहीतर भाकरी थापता थापता रेडिओ लावलेल्या सगळ्या ताया, वहिनी, मावश्या, आणि आज सुनांनी हट्टानं ऐकायला बसवलेल्या सासूबाई, सगळ्यांना आमच्या बचत गटांच्या वतीनं नमस्कार.

मागच्या भागात आपण अंतर्गत कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोललो होतो. आजची सुरुवातही कर्जापासूनच आहे, पण विषय आहे लहान बाळांच्या हृदयाचा. आणि तो सांगताना आमची एक चूकही सांगायची आहे.

आमच्या एका गटातल्या मैत्रिणीचं बाळ आठ महिन्यांचं होतं. दूध पिताना त्याच्या कपाळावर घाम यायचा, दोन घोट प्यायलं की दमून थांबायचं, वजन वाढत नव्हतं. इको केल्यावर जन्मतःच हृदयात दोष असल्याचं कळलं. मग मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, की ऑपरेशनआधी हृदयाचा सीटी स्कॅन करून त्रिमितीय चित्र बघावं लागेल. ती बैठकीत आली आणि सात हजारांचं कर्ज मागितलं. त्यावर आम्ही काय म्हणालो? “अगं, इको झालाय ना? एकदा नाही, दोनदा झालाय. मग आता फोटोवर फोटो कशाला?” कुणी म्हणालं, दवाखान्यांना पैसे काढायचेच असतात. कुणी म्हणालं, एवढ्याशा जिवाला मशिनीत कशाला घालायचं. ती बिचारी गप्प बसली. तिला तरी कुठं नीट सांगता येत होतं? प्रोसिडिंग वहीत लिहिलं गेलं, ‘विषय पुढील बैठकीत घ्यावा.’ ते लिहिणारा हात आमचाच होता.

पुढची बैठक महिन्यानं झाली, तेव्हा कर्ज मंजूर झालं. पण तोवर बाळाला सर्दी-खोकला झाला. छातीत कफ असताना भूल देता येत नाही, म्हणून तारीख आणखी पुढं गेली. त्या आईनं ते दिवस कसे काढले असतील, ते आम्ही नंतर तिच्या तोंडून ऐकलं, आणि तेव्हाच ठरवलं, की हा विषय आधी आपण समजून घ्यायचा आणि मग सगळ्यांना सांगायचा.

हे आईच्या चुकीनं होत नाही

हजार बाळं जन्माला आली, तर त्यातल्या साधारण आठ ते दहा बाळांच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो. म्हणजे शंभरात एक. हा काही फार दुर्मिळ आजार नाही. एखादं भोक लहान असतं आणि आपोआप बुजतं. काहींना औषधं आणि नियमित तपासणी पुरते. काहींना मात्र पहिल्या वर्षातच ऑपरेशन लागतं.

असं बाळ झालं की घरात पहिलं बोट आईकडं जातं. ‘ग्रहणात भाजी चिरली असशील’, ‘डोहाळे पुरवले नाहीत’, ‘कुणाची तरी दृष्ट लागली’. मैत्रिणींनो, हृदय तयार होतं ते गर्भ राहिल्यापासून तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात. पाळी चुकली हे आपल्या नीट ध्यानात येतं न येतं, तोवर आत ते ठोके द्यायला लागलेलं असतं. सुरुवातीला ती एक साधी नळी असते. ती वळते, दुमडते, तिच्यात पडदे तयार होतात आणि चार कप्पे बनतात. या घडणीत कुठं काही अर्धवट राहिलं की दोष राहतो. बहुतेक वेळा नेमकं कारण सापडत नाही. गरोदरपणात सुरुवातीला झालेला रुबेला म्हणजे जर्मन गोवर, ताब्यात नसलेला मधुमेह, काही औषधं, जवळच्या नात्यातलं लग्न, गुणसूत्रांमधला बदल, अशा गोष्टींनी धोका वाढतो. विळी आणि ग्रहणाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

चार खोल्यांचं घर

शाळेत आपण शिकलो होतो, ते जरा आठवूया. हृदय म्हणजे चार खोल्यांचं घर. वर दोन कर्णिका, खाली दोन जवनिका, आणि मधे उभी भिंत. उजव्या बाजूला शरीरातून आलेलं, प्राणवायू कमी असलेलं रक्त येतं आणि ते फुप्फुसाकडं जातं. तिथून प्राणवायू घेऊन डाव्या बाजूला येतं आणि महाधमनीतून सगळ्या अंगाला जातं. खोल्यांना एकाच बाजूनं उघडणारी दारं आहेत, त्यांना झडपा म्हणतात.

आता बाळाचं हृदय केवढं? त्याच्याच मुठीएवढं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं तर साधारण अक्रोडाएवढं. त्यात चार खोल्या, चार झडपा, रक्त आणणाऱ्या आणि नेणाऱ्या नळ्या. आणि हे सगळं मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा हलतंय! त्यातला दोष बाहेरून शोधायचा, म्हणजे किती बारीक काम असेल, विचार करा.

आमच्या मैत्रिणीच्या बाळाचा दोष असा होता, की फुप्फुसाकडं जाणारी धमनी आणि महाधमनी, या दोन्ही मोठ्या नळ्या उजव्याच जवनिकेतून निघत होत्या. खरं तर महाधमनी डावीकडून निघायला हवी. डावीकडच्या चांगल्या रक्ताला बाहेर पडायला एकच वाट होती, भिंतीतलं भोक. आपण म्हणू, मग ते भोक बुजवून टाका. पण तसं केलं तर डावीकडचं रक्त कोंडून जाईल! इथं सर्जनला त्या भोकापासून महाधमनीच्या तोंडापर्यंत आतून एक बोगदा करावा लागतो, म्हणजे चांगलं रक्त थेट अंगाला जातं.

घाटात बोगदा खणायचा, तर आधी डोंगराची मोजणी करतात ना? तसंच इथं. भोक महाधमनीपासून किती लांब आहे? मधे झडपेचे दोरे आडवे येतात का? बोगदा केल्यावर रक्ताला जागा पुरेल का? याची उत्तरं अनुकूल असतील, तर हृदयाच्या दोन्ही बाजू आपापलं काम करतील असं ऑपरेशन होतं. तशी नसतील, तर एकाच जवनिकेवर भार ठेवून टप्प्याटप्प्यानं करायची वेगळी ऑपरेशनं ठरवावी लागतात. त्या बाळाचं पुढचं सगळं आयुष्य कसं जाईल, ते या उत्तरांवर ठरतं. त्यासाठी होता तो ‘दुसरा फोटो’.

अळूवडीचा उंडा

इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. छातीवर थंड जेल लावून यंत्र फिरवतात, आणि आवाजाच्या, पण आपल्या कानांना ऐकू न येणाऱ्या लहरींनी पडद्यावर चित्र दिसतं. १९५३ मध्ये स्वीडनमधल्या लुंड गावी डॉ. एडलर आणि हर्ट्झ यांनी ही पद्धत सुरू केली. तिच्यात क्ष-किरण नाहीत, टोचणं नाही. आजही हृदयरोग असलेल्या प्रत्येक बाळाची पहिली तपासणी हीच, आणि बहुतेक बाळांना तीच पुरते. ‘टू-डी इको’ म्हणतो आपण तिला. टू-डी म्हणजे द्विमितीय, लांबी आणि रुंदी दाखवणारी. सपाट चित्र.

सपाट चित्र आणि खरी वस्तू यातला फरक शिवणकाम करणाऱ्या बायांना वेगळा सांगायला नको. कागदावर कापलेला ब्लाउज बरोबर दिसतो, पण खांद्याला कुठं चुणी पडते ते अंगावर घातल्यावरच कळतं. कुशल डॉक्टर इकोची अनेक सपाट चित्रं पाहून मनातल्या मनात पूर्ण हृदय उभं करतात. पण गुंतागुंतीच्या दोषात ते प्रत्यक्ष सगळ्या बाजूंनी फिरवून बघता आलं, तर चूक होण्याची शक्यता कमी होते. लांबी, रुंदी आणि खोली, तिन्ही दाखवणारं, म्हणून ते त्रिमितीय.

असं चित्र तीन प्रकारे मिळतं.

पहिला प्रकार, थ्री-डी इको. यातही तसंच जेल, तशाच लहरी. फक्त यंत्र एका रेषेऐवजी पूर्ण ठोकळाभर जागा टिपतं. झडप उघडताना आणि मिटताना कशी दिसते, हे यात चांगलं कळतं. पण हाडं आणि हवेनं भरलेली फुप्फुसं आड आली की लहरी अडतात, म्हणून लांबच्या नळ्या नीट दिसत नाहीत.

दुसरा प्रकार, सीटी स्कॅन. हा आमच्या मैत्रिणीनंच बैठकीत समजावला. ती म्हणाली, “अळूवडीचा उंडा उकडून त्याच्या पातळ चकत्या करतो ना आपण? प्रत्येक चकतीवर वेगळी नक्षी दिसते. त्या चकत्या क्रमानं परत एकमेकींना चिकटवल्या की पुन्हा उंडा तयार. ते मशीन बाळाला न कापता अशाच चकत्या टिपतं, आणि कॉम्प्युटर त्या जोडून अख्खं हृदय उभं करतो.” आम्हाला पुस्तकातून जे समजलं नव्हतं, ते त्या एका वाक्यात समजलं. सीटी काही सेकंदांत होतो. शिरेतून एक औषध सोडतात, त्यानं रक्ताच्या वाटा उजळून दिसतात. यात क्ष-किरण वापरतात, म्हणून गरज असेल तेव्हाच करतात आणि लहान मुलांना मात्राही कमीत कमी ठेवतात.

तिसरा प्रकार, एमआरआय. यात क्ष-किरण नसतात, मोठ्या चुंबकावर काम चालतं. कोणत्या नळीतून किती रक्त वाहतंय, याचं मोजमापही यात होतं. पण वेळ बराच लागतो, पाऊण तास, तासभरही. लहान मूल एवढा वेळ निपचित पडणार कसं? म्हणून बहुतेकदा भूल द्यावी लागते.

यातलं काय करायचं हे डॉक्टर बाळाचं वय, दोष आणि तब्येत पाहून ठरवतात. आपण मात्र विचारायचं, “या तपासणीतून कोणता निर्णय ठरणार आहे?” हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही.

हातात घेता येणारं हृदय

आता तर याच्याही पुढची पायरी आली आहे. सीटी किंवा एमआरआयच्या चित्रांवरून, थ्री-डी प्रिंटर नावाचं यंत्र थरावर थर चढवत त्याच बाळाच्या हृदयाचा हुबेहूब नमुना तयार करतं. सर्जन तो हातात घेतात, उघडून आत बघतात, बोगद्याची वाट आधीच ठरवतात. खऱ्या ऑपरेशनमध्ये हृदय थांबवून, यंत्रावर रक्त फिरवत ठेवून काम करायचं असतं, तिथं विचार करत बसायला वेळ नसतो. केरळात कोचीच्या डॉक्टरांनी अशा नमुन्यांची मदत घेऊन गुंतागुंतीच्या पाच रुग्णांची ऑपरेशनं कशी आखली, याचा अनुभव २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. असा नमुना सगळ्यांना लागत नाही. आमच्या मैत्रिणीच्या बाळाचाही केला नव्हता, तिथं कॉम्प्युटरवरचं चित्र पुरलं.

हृदय सगळ्या बाजूंनी पाहायची ही धडपड जुनी आहे, आणि त्यात दोन बायांचा मोठा वाटा आहे. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या मॉड अ‍ॅबट यांना बाई म्हणून मॅकगिल विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण नाकारलं होतं. दुसरीकडं शिकून त्या डॉक्टर झाल्या, आणि पुढं त्याच मॅकगिलच्या संग्रहालयात जतन केलेली दोष असलेली हृदयं हातात घेऊन त्यांनी त्यांचा अभ्यास केला. १९३६ मध्ये त्यांनी अशा हजार रुग्णांच्या अभ्यासावर चित्रसंग्रह छापला. दुसऱ्या अमेरिकेतल्या हेलन टॉसिग. त्यांना ऐकू कमी यायचं. हृदयाच्या डॉक्टरला स्टेथोस्कोपच ऐकू येत नसेल तर? त्या मुलांच्या छातीवर हात ठेवून बोटांनी ठोके ओळखायच्या. क्ष-किरणांच्या पडद्यासमोर बाळाला वेगवेगळ्या बाजूंनी वळवून हृदयाचा आकार मनात उभा करायच्या. म्हणजे त्रिमितीय चित्रच, फक्त कॉम्प्युटरऐवजी डोक्यातलं! त्यांच्याच कल्पनेतून २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोरमध्ये निळ्या पडणाऱ्या बाळावरचं पहिलं ऑपरेशन झालं. ते केलं डॉ. ब्लॅलॉक यांनी, आणि त्यांच्या मागं उभं राहून एकेक टाका सांगत होते प्रयोगशाळेतले सहायक व्हिव्हियन थॉमस.

तपासणीला जाताना

आता वहीत लिहून ठेवावं असं थोडं सांगतो.

भूल द्यायची असेल तर बाळाला किती तास उपाशी ठेवायचं, ते दवाखान्यात सांगतात. अंगावरचं दूध साधारण चार तास आधी थांबवतात, वरचं दूध आणि खाणं त्याहून आधी. बाळ रडतं, आपला जीव तुटतो, आणि आजी हळूच एक वाटी पेज भरवते. असं करू नका. भुलेत उलटी होऊन ती फुप्फुसात गेली तर जिवाशी गाठ आहे. चुकून काही दिलंच असेल, तर घाबरून लपवू नका, लगेच सांगा. तारीख पुढं जाईल, पण बाळ सुखरूप राहील.

एमआरआयच्या खोलीत धातू चालत नाही. बाळाचे वाळे, करदोट्यातले चांदीचे मणी, ताईत, कानातलं आधीच घरी काढून ठेवा. आईला सोबत आत सोडणार असतील, तर तिचं मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, पदराची पिन आणि केसांतले आकडेसुद्धा. मंगळसूत्र काढताना मन कचरतं, आम्हाला माहीत आहे. घडीभर सासूबाईंच्या हातात द्या, त्याच जपतील.

बाळाला आधी कशाची अ‍ॅलर्जी झाली असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, सर्दी-ताप असेल तर आधीच सांगा. सगळे जुने रिपोर्ट आणि सीडी एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून न्या. जुना सीटी हातात असला, तर पुन्हा करायची वेळ कदाचित येणार नाही.

आणि एक. गरोदरपणात बाळाचा चेहरा दाखवणारी थ्री-डी, फोर-डी सोनोग्राफी म्हणजे हृदयाची तपासणी नव्हे. पोटातल्या बाळाच्या हृदयाची वेगळी तपासणी असते, तिला फीटल इको म्हणतात, आणि ती साधारण अठरा ते चोवीस आठवड्यांत करतात. आधीचं मूल हृदयरोगी असेल किंवा आईला मधुमेह असेल, तर डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा. दोष आधी कळला तर बाळंतपण योग्य दवाखान्यात करता येतं. तपासणी बाळाच्या हृदयाची असते; मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं, दोन्ही गुन्हा आहे.

पैशांचं काय?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतं. हृदयाचा दोष सापडला तर पुढं पाठवणं आणि ऑपरेशन यासाठी मदत मिळते. पथक येईल त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेले असतात. कोणती तपासणी योजनेत बसते, कोणती नाही, कोणती कागदपत्रं लागतात, ते तपासणीआधी त्यांना विचारा. आमच्या मैत्रिणीच्या बाळाचं ऑपरेशन योजनेतून झालं. कर्ज लागलं ते गाडीभाड्याला, राहण्याला आणि बुडालेल्या मजुरीला. हा खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही, पण बाई अडते ती तिथंच.

बाळ दूध पिताना दमत असेल, घामाघूम होत असेल, श्वास जोरात चालत असेल, वजन वाढत नसेल, वारंवार न्यूमोनिया होत असेल, तर आशाताईंना सांगा. ओठ आणि जीभ निळी पडत असेल, तर थांबूच नका, लगेच दवाखाना गाठा. मीठ-मोहऱ्या नंतर उतरवता येतील.

ते बाळ आता अडीच वर्षांचं आहे. अंगणवाडीत जातं, खिचडीची वाटी पहिली मागतं. छातीवर उभा व्रण आहे, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखांना इकोसाठी जावं लागतं, पुढंही जावं लागेल. त्या आईनं आम्हाला कधी बोल लावला नाही. एकदा फक्त म्हणाली, “ताई, डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर त्याचं हृदय फिरवून दाखवलं, तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, हे माझ्या हातून झालेलं नाही.”

त्यानंतर आमच्या गटानं एक ठराव केला. मुलांच्या आजारपणाचं कर्ज पुढच्या बैठकीवर ढकलायचं नाही. अध्यक्ष, सचिव आणि एक सदस्य, तिघींनी फोनवर बोलून दोन दिवसांत निर्णय द्यायचा, आणि बैठकीत नंतर त्याची नोंद करायची. तुमच्या गटाच्या या महिन्याच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या. आणि कुणी मैत्रीण ‘डॉक्टरांनी आणखी एक तपासणी सांगितलीय’ म्हणाली, तर ‘कशाला?’ म्हणण्याआधी ‘कशासाठी?’ विचारा, आणि उत्तर तिला ठाऊक नसेल, तर दोघी मिळून डॉक्टरांकडं जा.

पुढच्या भागात पुन्हा भेटूच. तोवर लेकरांना जपा, आणि स्वतःलाही. नमस्कार!